दोन इंचांचा प्रश्न

स्कूटर घेणारा माणूस ॲव्हरेज विचारतो. मोटार घेणारा रंग आणि हप्ता विचारतो. पिकअप घेणाऱ्याची जातच वेगळी. त्याचे खरे प्रश्न गाडी घरी आल्यानंतर सुरू होतात. टायर मोठे बसतील का? पुढे लोखंडी बंपर लावला तर? आणि उंची... उंची किती वाढवता येईल? हा शेवटचा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की लवकर बाहेर निघत नाही.

आपल्याकडे पिकअप म्हणजे कामाची गाडी. टेल्कोने १९८८ साली पुण्याच्या कारखान्यातून 'टाटामोबाइल' काढली, तेव्हापासून भाजी, सिलिंडर, मंडपाचे बांबू आणि गणपतीची मूर्ती हीच या गाडीची ओळख. घरातल्या माणसांनी पुढे ऐसपैस बसावं आणि मागे हौदा असावा, ही कल्पना रुजायला बराच काळ गेला. इसुझू कंपनीने २०१६ मध्ये आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात 'व्ही-क्रॉस' बनवायला घेतली. २०२२ मध्ये बेंगळुरूजवळच्या बिडदीहून टोयोटाची 'हायलक्स' आली. मग आयटीवाल्यांच्या सोसायट्यांमध्येही सव्वापाच मीटर लांबीच्या या गाड्या दोन गाड्यांची जागा अडवून उभ्या राहू लागल्या. शेजारी कुरकुरू लागले, ते वेगळंच!

बेळ्ळंदूरच्या एका सोसायटीत अशीच एक व्ही-क्रॉस आहे. कुटुंब मूळचं बेळगावचं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सून शाळेत गणित शिकवते, एक दहा-अकरा वर्षांची नात. खानापूर तालुक्यात थोडी भातशेती. वर्षातून चार-पाच खेपा होतात, येताना तांदळाची पोती, फणस, नारळ आणावे लागतात, म्हणून पिकअप हवी, असं मुलाने घरी पटवून दिलं होतं. खरं कारण हौस. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सेकंडहँड मिळाली, २०१९ मध्ये घेतली.

त्यानंतर दोन वर्षांनी आईंचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं. डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बेळगावातलं घर बंद करून अप्पा आणि आई दोघंही बेळ्ळंदूरला मुलाकडे आले. हौसेची गाडी अशी एकदम गरजेची झाली. आठवड्यातून तीन वेळा आईंना घेऊन जायचं, चार तास थांबायचं, थकलेल्या आईंना घेऊन परत यायचं.

बेळ्ळंदूर हे गाव तळ्याच्या नावाने ओळखलं जातं. बेंगळुरूमधलं हे सर्वांत मोठं तळं, विस्तार सुमारे नऊशे एकर. जुन्या काळी या शहराची तळी एकमेकांना जोडलेली होती. वरचं भरलं की पाणी नाल्याने खालच्या तळ्यात उतरायचं. या नाल्यांना तिथे 'राजकालुवे' म्हणतात. कोरमंगलच्या खोऱ्यातलं सगळं पाणी शेवटी बेळ्ळंदूरला येतं, तिथून वर्तूर तळ्यात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जातं. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा भाग शहराच्या जिन्याची जवळजवळ शेवटची पायरी. २००७ साली बेळ्ळंदूर महानगरपालिकेत आलं, रिंग रोडच्या दोन्ही अंगांना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि नाल्यांच्या वाटा अरुंद होत गेल्या. २०१५ मध्ये तळ्यातला फेस उडून रस्त्यावर आला, २०१७ आणि २०१८ मध्ये तळ्याला चक्क आग लागली. 'पाण्याला आग लागलेली आयुष्यात पहिल्यांदा ऐकली,' असं अप्पा बेळगावच्या मित्रांना फोनवर सांगत.

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री पाऊस कोसळला. शहरात सव्वाशे मिलिमीटरहून जास्त पाऊस एका रात्रीत झाला. ५ तारखेला सोमवार होता. आईंचा डायलिसिसचा दिवस.

डायलिसिसच्या रुग्णांना शुक्रवार ते सोमवार हा टप्पा सगळ्यात अवघड जातो. इतर वेळी मध्ये एकच दिवस मोकळा असतो, इथे दोन असतात. शरीरात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे सोमवारची पाळी चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलेलं. सकाळी साडेसहाला मुलाने आईंना पिकअपमध्ये बसवलं. सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, दोनशे पावलं गेली असेल नसेल, पाण्याची लाट बॉनेटवर चढली. मागच्या सीटवरून अप्पा एवढंच म्हणाले, "थांब. मागे घे." तशीच उलटी गाडी घेत तो परतला. त्या दिवशी रिंग रोडवर ट्रॅक्टर कंपन्यांच्या माणसांना बसवून ये-जा करत होते, ती दृश्यं देशभर टीव्हीवर दिसली. आईंना ट्रॅक्टर मिळाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची ठेवून, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरून त्यांना नेलं. पाय सुजून खांबासारखे झाले होते, धाप लागत होती. डायलिसिस झालं, आई घरी आल्या. पण मुलाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"गाडी दोन इंच उंच करून घ्यायची. पुढच्या पावसाळ्याच्या आत." त्याने जाहीर करून टाकलं.

गाडी उंच करण्याचे प्रकार बरेच. सगळ्यात स्वस्त प्रकार चकतीचा, ज्याला गॅरेजवाले 'स्पेसर' म्हणतात. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगच्या डोक्यावर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची जाड चकती बसवायची. गंमत अशी, की चकती इंचभर जाड असली तर गाडी जवळजवळ दोन इंच उचलते, कारण स्प्रिंग चाकाशी नव्हे तर चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या साधारण मध्यावर टेकलेली असते. मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालायचा, लांब यू-बोल्ट लावायचे. काही हजारांत आणि एका दिवसात काम होतं. दुसरा प्रकार पूर्ण संचाचा. पुढच्या स्प्रिंग नव्या, मागचे पाटे नवे, चारही शॉकअप नवे आणि लांब. हे संच बहुतेक ऑस्ट्रेलियाहून येतात, कारण पिकअप घेऊन वाळवंटात महिनामहिना हिंडणारी माणसं तिथे आहेत. खर्च लाखाच्या घरात. तिसरा प्रकार 'बॉडी लिफ्ट'. यात चाकं, स्प्रिंग, सांगाडा जागच्या जागी राहतो आणि सांगाड्यावरची फक्त बॉडी ठोकळे घालून उचलतात. गाडी उंच दिसते, एवढाच त्याचा उपयोग. खालचं लोखंड होतं तिथेच असतं.

मुलगा एका शनिवारी शहरातल्या एका दुकानात जाऊन आला. दुकानदाराने चकतीचा प्रकार सुचवला आणि 'पाण्याची काळजीच सोडा' असंही म्हणाला. मुलगा खूश होऊन घरी आला आणि अप्पांना सांगायला बसला. इथेच सगळं अडलं.

कारण अप्पांचं उभं आयुष्य पाट्यांच्या दुकानात गेलेलं. बेळगावात त्यांचं 'स्प्रिंग वर्क्स' होतं. उसाचे, लाकडाचे, चिऱ्यांचे ट्रक त्यांच्या दारात उभे राहत. तुटलेला मुख्य पाटा काढायचा, भात्यावर नवा तापवायचा, ठोकून कमान द्यायची, तेलात विझवून टेंपर करायचा. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे पाहून 'डावीकडची कमान बसलीय' असं ते सहज म्हणून जातात.

"ओझं किती घालतोस तू मागे?" अप्पांनी पहिला प्रश्न विचारला.

"वर्षातून चार वेळा तांदूळ आणतो की, अप्पा."

"आणि उरलेले साडेतीनशे दिवस?"

मुलगा गप्प. उरलेले दिवस हौदा रिकामा असतो, किंवा त्यात आईंची चाकाची खुर्ची असते. तिचं वजन पंधरा किलो.

कुठल्याही पिकअपची मेख इथेच आहे. मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. ओझं असलं की गाडी शांत चालते, रिकामी असली की मागून उडते. उंची वाढवण्यासाठी दुकानदार मागे एक जादा पाटा घालायला सांगतात किंवा जाड पाटे देतात. पाट्याची जाडी आणि त्याचा ताठरपणा यांचा हिशेब सरळ नाही. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. सून गणिताची शिक्षिका, तिला हे लगेच कळलं. अप्पांना सूत्र माहीत नव्हतं, पण हातांना माहीत होतं. ऑस्ट्रेलियन कंपन्यासुद्धा पाट्यांचा संच विकताना मागे कायम किती किलो ओझं राहणार, हे आधी विचारतात आणि रिकाम्या, मध्यम, जड गाडीसाठी वेगवेगळे पाटे देतात. चांगल्या आणि वाईट दुकानाची ओळख करायची असेल तर हीच खूण. पहिला प्रश्न उंचीचा विचारला की ओझ्याचा?

अप्पांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली. उसाच्या एका मालकाने हट्टाने दोन पाटे जास्त घालून घेतले होते. भरलेला ट्रक झकास चालायचा. एकदा तो रिकामा होऊन आंबोली घाटातून परत येताना वळणावरच्या खड्ड्यात मागून उडाला, चाकांनी जमीन सोडली आणि कलंडला. माणसं वाचली. "मालक दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच आला," अप्पा म्हणाले, "पाटे काढून घ्यायला." त्यापुढे ते काही बोलले नाहीत. हात पुसण्याचं फडकं उगाचच झटकत राहिले.

मुलगा लगेच माघार घेणाऱ्यांतला नव्हता. चकती नको, तर पूर्ण संच घेऊ, हलक्या ओझ्याचे पाटे मागवू, असं त्याने ठरवलं. पुढचा महिनाभर रात्री जेवणं झाली की टेबलावर कागद पसरलेले. या महिन्यात त्या घराने जेवढी माहिती गोळा केली, तेवढी उंची वाढवून घेणाऱ्या दहा जणांतले नऊ जण करत नसतील.

पुढची चाकं उंची वाढवल्यावर खाली लोंबतात आणि त्यांना फिरवणारे दांडे तिरपे होतात. दोन इंचांपर्यंत ते सहन करतात. त्यापुढे गेलं तर सांध्यांवरची रबरी टोपणं फाटतात, वरचे हात बदलावे लागतात, पुढचा डिफरन्शियल खाली घ्यावा लागतो. म्हणून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांना 'दोन इंच' हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. अलाइनमेंट नव्याने करावी लागते. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना, ते पाहावं लागतं. हेडलाइट खाली वळवावे लागतात, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक छोटी काडी ब्रेकच्या झडपेला जोडलेली असते. हौद्यात ओझं आलं, गाडी खाली बसली, की ती काडी झडपेला सांगते, 'आता मागचे ब्रेक जोरात लाव.' गाडी उंच केली आणि काडी तशीच ठेवली तर झडपेला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक हलके लागतात. आपल्या गाडीत अशी काडी आहे का, असेल तर तिचं काय करणार, हे दुकानदाराने विचारलंही नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट पाहून तर मुलगा चाटच पडला. मागची दोन्ही चाकं एका आडव्या ॲक्सलने जोडलेली आणि त्याच्या मध्ये डिफरन्शियलचा भोपळ्याएवढा गोळा. जमिनीला सर्वांत आधी टेकतो तो बहुधा हाच. स्प्रिंग कितीही उंच करा, हा गोळा तसूभरही वर जात नाही, कारण तो स्प्रिंगच्या खाली आहे. तो उचलायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरचा व्यास इंचभर वाढवला तर गोळा उचलतो अर्धा इंच. खानापूरच्या शेताच्या वाटेवर चिखलाच्या चाकोरीत गाडी अडकते ती याच गोळ्यापायी. म्हणजे ज्या दोन कामांसाठी उंची हवी होती, त्यांतलं एक काम दोन इंचांनी होणारच नव्हतं.

राहिलं दुसरं काम, पाण्याचं. त्याचा हिशेब सुनेने केला.

फाटकाच्या भिंतीवर त्या दिवशीच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून होती. नातीने टेप धरला. ८६ सेंटिमीटर. टोयोटा आपल्या हायलक्सबद्दल ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते, म्हणजे ७० सेंटिमीटर. तीही साचलेल्या पाण्यातून, सावकाश जाताना. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. पंचाहत्तर झाले. रेघ अकरा सेंटिमीटर वरच राहिली.

"इंजिनात पाणी शिरू नये म्हणून छतापर्यंत नळी लावतात," मुलगा म्हणाला. बरोबर आहे, तशा नळ्या मिळतात. इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं तेव्हा पिस्टनला ते दाबता येत नाही, आतले दांडे वाकतात आणि दुरुस्तीचं बिल लाखांत जातं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन'चं वेगळं कलम घ्यावं लागतं. (ज्यांच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, त्यांनी आपली पॉलिसी आज संध्याकाळीच काढून पाहायला हरकत नाही.)

पण नळीने इंजिन वाचतं, गाडी नाही. सुनेने वहीत लिहिलं: केबिनचा तळ साधारण साडेतीन चौरस मीटर, जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटरवर. पाणी ८६ सेंटिमीटर. म्हणजे दारांतून पाणी आत झिरपेपर्यंत २६ सेंटिमीटर पाणी केबिनला खालून उचलणार. साडेतीन गुणिले ०.२६, म्हणजे सुमारे नऊशे किलो. गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास. जवळजवळ निम्मं वजन पाणीच तोलून धरणार, आणि टायरची जमिनीवरची पकड तेवढीच सुटणार. गाडी दोन इंच उंच केली तर हा नऊशेचा आकडा सुमारे सातशे पस्तीसवर येतो. फायदा नाही असं नाही, पण त्या फायद्याच्या भरवशावर आजारी माणसाला वाहत्या पाण्यात न्यावं का? अमेरिकेची हवामान संस्था तर सांगते, की दोन फूट वाहतं पाणी पिकअपसारख्या गाड्यांनाही वाहून नेऊ शकतं.

"मग ट्रॅक्टर कसा गेला?" नातीने विचारलं.

या प्रश्नावर अप्पा खुलले. ट्रॅक्टरचं मागचं चाक उभं माणसाच्या छातीला लागतं, त्याचा ॲक्सल त्यामुळेच उंच. इंजिन हवा वरून घेतं, धूर वर सोडतं. आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टरला बंद डबाच नाही. पाणी त्याला उचलणार कुठे धरून? इथून तिथून निघून जातं. "गाडी तरंगते ती दारं बंद असतात म्हणून," अप्पा म्हणाले. नातीने ते शाळेत विज्ञानाच्या बाईंना सांगितलं आणि शाबासकी मिळवली.

गाडी कलंडण्याचं गणितही त्याच वहीत झालं. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. अमेरिकेत २००१ च्या मॉडेलपासून सरकार याच आकड्यावर गाड्यांना तारे देऊ लागलं. साध्या मोटारींचा आकडा १.३ ते १.५, पिकअप आणि जीपगाड्यांचा १ ते १.३. समजा चाकांमधलं अंतर १५७ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७५ वर, तर आकडा १.०५ येतो. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर नेला तर ०.९८. सहा टक्क्यांचा फरक, पण तो नेमका उंबरठ्यावरचा. आणि बेळगावला जायचं म्हणजे पाचशे किलोमीटरचा हमरस्ता, ऐंशी-नव्वदचा वेग, अचानक आडवं येणारं कुत्रं.

कायद्याचा मुद्दा शेजारच्या वकीलबाईंनी काढला. त्या सहज साखर मागायला आल्या होत्या, कागद पाहून बसल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर उंच केलेल्या गाड्या राजरोस दिसतात, हे खरं. पोलीस प्रत्येकीला अडवत नाहीत, हेही खरं. "पण अपघात झाला, समोरचा माणूस जायबंदी झाला आणि विमा कंपनीचा माणूस फुटपट्टी घेऊन आला, तेव्हा काय करणार?" वकीलबाईंनी विचारलं. बदल कळवला नसेल तर कंपनी हात वर करायला मोकळी.

एवढं सगळं झालं तरी मुलाच्या मनातून दोन इंच जात नव्हते. ते समजण्यासारखं होतं. आईला धाप लागलेली त्याने रात्रभर पाहिली होती, आणि दाराशी चार चाकं ओढणारी, पंधरा लाखांची गाडी नुसती उभी होती. काहीतरी केलं पाहिजे, या भावनेला हिशेबाची वही पुरत नाही. सून त्याला एकदा म्हणाली, "अरे, तुला गाडी उंच करायची नाहीये. तुला तो सोमवार पुसायचाय." त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

या सगळ्यात आईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःहून एके दिवशी विषय काढला. डायलिसिसहून आल्यावर त्यांना गळाठल्यासारखं होतं, रक्तदाब उतरलेला असतो. गाडीतून उतरताना एक पाय पायदानावर, एक हवेत, हात मुलाच्या खांद्यावर. "हे अजून उंच करणार म्हणे तुम्ही?" त्यांनी विचारलं. सुनेने पायदानाची उंची मोजली. सोळा इंच. घरातल्या जिन्याची पायरी सात इंच असते. सोळाचे अठरा झाले असते, आणि ते चढणं आठवड्यातून तीनदा जाताना आणि येताना. पूर येतो तो कधीतरी. सोमवार, बुधवार, शुक्रवार दर आठवड्याला येतात.

मुलाने त्या संध्याकाळी कागद गोळा केले आणि कपाटात ठेवले. फेकले मात्र नाहीत.

गाडीचं काम पुढच्या उन्हाळ्यात झालं. अप्पांनी स्वतः सतरंजी अंथरून गाडीखाली पडून पाहणी केली. मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते, पुढचा एक मेला होता, पाट्यांच्या कानातले रबरी बुश चेपून गेले होते. कोपऱ्यांत हात ठेवून गाडी दाबली तर ती एकदा हलून थांबायला हवी, ती तीन-तीनदा हलायची. इतके दिवस 'पिकअप आहे, उडणारच' म्हणून जे सोसत होते, त्यातलं निम्मं या मेलेल्या शॉकअपचं देणं होतं. शॉकअप चांगल्या कंपनीचे, गॅस भरलेले, पण मूळ उंचीचेच घेतले. बुश बदलले. पाट्यांना हात लावायचा नाही, असं अप्पांनी बजावलं. टायर कंपनीने सांगितलेल्याच मापाचे, फक्त चिखलात धरतील अशा खोल नक्षीचे. सगळं मिळून पूर्ण संचाच्या निम्म्याहून कमी खर्च आला. आणि सुनेने सुताराकडून सहा इंच उंचीचं, रुंद बुडाचं लाकडी पाऊलपाट बनवून घेतलं. ते हौद्यात असतं, दार उघडायच्या आधी खाली ठेवतात. त्या सबंध खटाटोपातली सगळ्यात उपयोगी वस्तू बहुधा तीच.

पुराचं काय, ते डायलिसिस केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर एक दिवस आधी फोन करा, जागा असेल तर पाळी अलीकडे घेऊ. पाणी भरलंच आणि येता आलं नाही, तर फळं बंद, नारळपाणी बंद, पाणी घोटाघोटाने, मीठ जवळजवळ नाही. कुठल्या लक्षणांवर थांबायचं नाही, कुणाला फोन करायचा, हे सगळं एका कागदावर लिहून तो फ्रिजच्या दाराला चिकटवला. आणि जयनगरला आईंची मावसबहीण राहते. तिच्या घरातून केंद्राकडे जाणारा रस्ता पाण्याच्या वाटेत येत नाही. तिने स्वतःहूनच खोली देऊ केली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूत पुन्हा सलग पाऊस लागला. १६ तारखेला शाळांना सुट्टी जाहीर झाली, कंपन्यांनी माणसांना घरूनच काम करायला सांगितलं. तो बुधवार होता. मंगळवारी संध्याकाळी, रस्ते उघडे असतानाच, मुलाने पिकअप काढली. अप्पांनी पाऊलपाट ठेवलं, आई चढल्या, नातीने मागे पिशव्या टाकल्या. आकाश भरून आलं होतं आणि रिंग रोडवर नेहमीसारखीच गर्दी होती. दीड तासात सगळे जयनगरला पोहोचले.

बुधवारी आईंची पाळी वेळेवर झाली. मावशीने सकाळी प्रेमाने शहाळं फोडून पुढे ठेवलं होतं. ते अप्पांनी गुपचूप उचललं आणि स्वतः पिऊन टाकलं.